नदीतील पोषकद्रव्यांच्या मर्यादा बदलणे निरर्थक आहे काय?

‘नायट्रोजन आणि फॉस्फरस ही पिकांची अन्नद्रव्ये आहेत, विष नव्हेत, नदीचे पाणी पिण्याच्या निकषात बसते, वाहत्या पाण्यात ही द्रव्ये विरून जातात, ठरलेल्या मर्यादा पुन्हा बदलणे म्हणजे आधीचे शास्त्र चुकल्याची कबुली, आणि खरा फॉस्फरस तळाच्या गाळात असल्याने वरून येणारा रोखून काही साधणार नाही’ असा मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. यातील काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पिकाला जे पोसते तेच शैवालालाही पोसते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 1973 मध्ये ‘226’ क्रमांकाच्या तलावात पडदा लावून त्याचे दोन भाग केले गेले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन मिसळले, पण फॉस्फरस एकाच भागात. आणि तोच भाग शैवालाने हिरवागार झाला. असे शैवाल मेल्यावर ते कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. कोणत्याही विषाशिवाय नदी मरू शकते, ती अशी.

पिण्याच्या पाण्याच्या निकषाचा दाखला तर मुळातच गैरलागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा, लिटरला 50 मिलिग्रॅम, ही प्रामुख्याने तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू नये म्हणून आहे, आणि फॉस्फरससाठी संघटनेने आरोग्याधारित मर्यादा ठरवलेलीच नाही. याउलट प्रवाहात शैवाल माजू नये यासाठी सुचवला गेलेला एकूण फॉस्फरसचा आकडा लिटरला 0.1 मिलिग्रॅम इतका लहान आहे. माणसाला चालणारे पाणी नदीला चालेलच असे नाही.

विरून जाण्याविषयी एवढेच म्हणता येईल की पाणी वाढले तरी त्याबरोबर वाहणाऱ्या या द्रव्यांचा टनांत मोजलेला एकूण भार कमी होत नाही, तो खाली पोहोचतो. मिसिसिपी नदीच्या मुखापुढे मेक्सिकोच्या आखातात 2017 मध्ये प्राणवायू घटलेले क्षेत्र 22,720 चौरस किलोमीटर भरले होते.

मर्यादा बदलण्यावरचा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. ईरी सरोवरासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी 1972 मध्ये करार केला, मोठ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या फॉस्फरसवर लिटरला 1 मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि सरोवर सुधारले. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल परतले, कारण आता या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून शेतांतला विरघळलेला फॉस्फरस येत होता. मातीच्या कणांना चिकटलेल्या फॉस्फरसचा थोडाच भाग शैवालाला घेता येतो, विरघळलेला मात्र जवळजवळ सगळा. माती वाहून जाऊ नये म्हणून कमी झालेल्या नांगरणीमुळे खत वरच्या थरातच राहू लागले, आणि जमिनीखालच्या निचरा-नळ्यांनी विरघळलेला अंश थेट ओढ्यांत पोहोचवला. ऑगस्ट 2014 मध्ये ईरीचेच पाणी घेणाऱ्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात शैवालविष आढळले आणि सुमारे 4 लाख लोकांना ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. त्यानंतर 2016 मध्ये मॉमीचा मार्च ते जुलै या काळातील फॉस्फरसचा भार 2008 च्या तुलनेत 40 टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठरले, आणि त्यात एकूण फॉस्फरसबरोबर विरघळलेल्या फॉस्फरसचा स्वतंत्र आकडा आला. जुनी मर्यादा तिच्या काळाच्या प्रश्नाला पुरेशी होती. प्रश्नाचे रूप बदलले, तेव्हा मोजमापही बदलावे लागले.

गाळाचा मुद्दा मात्र खरा आहे. तळाशी प्राणवायू संपला की गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, आणि उथळ पाण्यात त्यामुळे सुधारणा कित्येक वर्षे रेंगाळते. परंतु तो गाळही वरून आलेल्या फॉस्फरसनेच भरलेला आहे, आणि आवक चालू ठेवून तो कधीच रिता होणार नाही. सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात येणारे सांडपाणी 1963 ते 1968 दरम्यान दुसरीकडे वळवले गेले, आणि गाळ होता तिथेच असताना काही वर्षांतच पाणी पुन्हा नितळ झाले.