‘आभा काढा, पॉलिसी बंद करा’ : एका फिरत्या निरोपाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या आरोग्य विम्याबद्दलचा एक लांबलचक निरोप फिरतो आहे. त्याचे सार असे : आभा कार्ड काढले की वर्षाला ५ लाखांचे उपचार फुकट होतात, त्यामुळे देशात आता विम्याविना कोणी उरलेले नाही, मुलांची नावे कुठे वेगळी नोंदवायची गरज नाही, आईवडिलांच्या कार्डावर सगळे भागते, सीमाभागातल्या मराठी माणसाला तर कर्नाटकाचे ५ आणि महाराष्ट्राचे ५ मिळून १० लाख मिळतात, अमेरिकेतही सरकारच सगळ्यांचा विमा भरते, आणि खासगी कंपन्या क्लेम देतच नाहीत, तेव्हा पॉलिसी बंद करून हप्त्याचे पैसे वाचवा. शेवटी नेहमीप्रमाणे दहा जणांना पाठवण्याचा आग्रह आहेच.

असले निरोप रोज येतात आणि मी ते न वाचताच पुसून टाकतो. पण खानापूर तालुक्यात किराणा दुकान चालवणाऱ्या माझ्या मामेभावाने हा निरोप वाचून घरच्या पॉलिसीचा हप्ता यंदा भरायचा नाही असे ठरवले आणि वर मलाच तो ‘नक्की वाच’ म्हणून पाठवला. त्याला मधुमेह आहे, घरात दोन मुले आहेत. तेव्हा आता गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत आधी आभा. आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक आहे. केसपेपर, रक्त-लघवीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या या क्रमांकाला जोडता येतात आणि आपल्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. ज्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे, त्याची देशभर सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. सोय चांगली आहे, जरूर काढावी. पण तिच्यात विम्याचा एक रुपयाही नाही. ५ लाखांची योजना ती निराळी. तिचे नाव प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. ती २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झाली आणि तिचे कार्ड योजनेला पात्र ठरणाऱ्यांनाच मिळते. दोन्हींच्या आधी ‘आयुष्मान भारत’ लागते, एवढ्यावरून हा सगळा घोटाळा झाला आहे. आभा क्रमांक कारखानदारालाही मिळतो आणि शेतमजुरालाही, कारण तो देताना उत्पन्न विचारतच नाहीत. जे कार्ड उत्पन्न न विचारता हातात पडते, त्यावर सरकार प्रत्येकाला ५ लाख देईल हे लोकांना खरे कसे वाटले, हेच मला कळत नाही. मामेभावाने मोठ्या विश्वासाने मोबाईलवर उघडून दाखवलेल्या कार्डावर त्याचा फोटो, नाव, जन्मतारीख, १४ आकडे आणि क्यूआर कोड होता. विम्याची रक्कम, मुदत, कुटुंबातल्या माणसांची नावे यांचा मागमूसही नव्हता.

मग त्याला खरोखर काय मिळू शकते? कर्नाटकात केंद्राची ही योजना २०१८ मध्येच राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेला जोडली गेली आणि तिचा कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे आहे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. त्याला हप्ता नाही, माणसांच्या संख्येची अट नाही आणि जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही. निरोपातले अर्धे सत्य एवढेच, आणि ते कबूल केले पाहिजे, कारण अशा कुटुंबांसाठी ही योजना खरोखरच मोठा आधार आहे. मामेभावाचे कार्ड मात्र एपीएल आहे. एपीएल कुटुंबासाठी सरकार ठरलेल्या पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराच्या ठरवलेल्या एकूण दराच्या, फक्त ३० टक्के देते, तेही वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. म्हणजे १ लाखाचे पॅकेज असेल तर ३० हजार सरकारचे आणि ७० हजार खिशातले. शिवाय तातडीचा प्रसंग सोडला तर मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्यात जावे लागते. तिथे सोय नसेल तर रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, मिळते आणि मगच योजनेतल्या खासगी रुग्णालयाची वाट मोकळी होते. ‘सिव्हिलमधून रेफरल आणलंय का?’ हा प्रश्न रुग्णालयाच्या खिडकीवर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

आता ज्या वाक्याने खरे नुकसान होणार आहे त्याकडे येतो : ‘पॉलिसी बंद करा.’ आरोग्य विम्याची पॉलिसी गॅसच्या जोडणीसारखी नसते की आज बंद केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तशीच चालू केली. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ ठेवू शकते, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४ वर्षांची होती. हर्निया, मोतीबिंदू, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांनाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो. सलग ५ वर्षे पॉलिसी चालली की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज ‘तुम्ही आजार लपवला’ एवढे सांगून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही सगळी वर्षे हप्ता वेळेवर भरूनच जमा होतात. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर तो भरायला ३० दिवसांची जादा मुदत मिळते. ती उलटली की जमा झालेली वर्षे गेली आणि मधुमेह असलेल्या माणसाला नव्या पॉलिसीत पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. ती पॉलिसी त्याला कंपनी देईल का आणि किती हप्त्याला देईल, हे पुन्हा वेगळेच. कंपनीवर राग असेल तर कंपनी बदलावी. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज केला तर प्रतीक्षा काळाची सरलेली वर्षे सोबत घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येते.

‘देशात विम्याविना कोणी उरलेले नाही’ हा दावा तर सरकारच्याच कागदांवर टिकत नाही. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातली किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसे, आरोग्यखर्चाच्या कुठल्याही संरक्षणाविना होती. खालच्या निम्म्या लोकसंख्येसाठी सरकारी योजना आहेत, वरच्या सुमारे २० टक्क्यांकडे कर्मचारी विमा किंवा खासगी पॉलिसी आहे, आणि मधले लोक गरीब ठरत नाहीत म्हणून योजनेत नाहीत व हप्ता जड जातो म्हणून पॉलिसीतही नाहीत. हे मधले लोक कोण, तेही अहवालात आहे : ग्रामीण भागातले शेती किंवा इतर स्वयंरोजगार करणारे आणि शहरांतल्या असंघटित, अर्धसंघटित कामांतले. कडोलीचा भाजी पिकवणारा बागायतदार, निपाणीचा तंबाखूचा छोटा व्यापारी, खानापूरचा किराणा दुकानदार या वर्णनात जसेच्या तसे बसतात. ज्यांना उद्देशून हा अहवाल लिहिला गेला, त्यांनाच ‘तुम्हाला विमा आहे’ म्हणून सांगत निरोप फिरतो आहे.

यानंतर मुलांचा मुद्दा. तो निरोपात एका ओळीत उरकला आहे, पण माझ्या मते तो सर्वांत जपून पाहण्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, निदान एका सदस्याला विमा किंवा योजनेचे संरक्षण आहे अशी कुटुंबे ४१ टक्के आढळली. तेच माणसामाणसाला विचारले तेव्हा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ३० टक्के आणि पुरुषांत ३३ टक्के विमाधारक निघाले. म्हणजे घरात विमा आहे म्हणून घरातल्या प्रत्येकाला तो आहे असे होत नाही. आणि १५ वर्षांखालची मुले तर या माणसागणिक मोजणीत येतच नाहीत. आमच्या भागात हे रोज दिसते. कर्नाटकात योजनेची पात्रता रेशन कार्डावरून ठरते, आणि कार्ड जुने, मूल नंतर झालेले, आधार काढायचे राहिलेले, म्हणून त्याचे नाव कार्डावर चढलेले नसते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले नसते, त्यामुळे तिचेही इकडे नाही आणि तिच्या लेकराचेही नाही. खासगी फ्लोटर पॉलिसीतही, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या मिळून एका पॉलिसीतही, मूल जन्मले म्हणून आपोआप आत येत नाही. कंपनीला कळवून नाव घालावे लागते.

इथेही अर्धे सत्य आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळांवर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात, आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांमधून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊन जन्मजात दोषांवर पुढचे उपचारही होतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या कारखान्यात काम करणाऱ्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर त्याच्या मुलांनाही ते संरक्षण आहे. त्यासाठी पगार महिना २१ हजारांच्या आत असावा लागतो. पण यातले काहीही ‘आईवडिलांच्या आभा कार्डावर’ होत नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथल्या जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये ८ टक्के लोक, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसे, विम्याविना होती. १९ ते ६४ वयाच्या प्रौढांत हे प्रमाण १०.९ टक्के आणि मुलांत ५.८ टक्के होते. मुलांचे कमी असण्यामागे १९९७ पासून तिथे त्यांच्यासाठी चालवलेली वेगळी योजनाही आहे.

१० लाखांची बेरीज वाचून हसू आले, आणि रागही. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, कर्नाटक सरकारने त्याला कडाडून हरकत घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. निर्णयाचे स्वागत मीही केले होते. पण विमा म्हणजे दोन खात्यांत पडलेली रक्कम नव्हे. ज्या योजनेत रुग्णालय आहे, त्या योजनेतून त्या उपचाराचे पैसे थेट रुग्णालयाला जातात, तुमच्या हातात काही येत नाही. मिरजेला किंवा कोल्हापूरला रुग्ण हलवण्याआधी ते रुग्णालय योजनेत आहे का आणि आपली कागदपत्रे तिथे चालतात का, हे फोन करून विचारा. सीमाप्रश्नावरची आपली निष्ठा खिडकीवर कागद म्हणून चालत नाही.

राहिले ‘कंपन्या क्लेम देतच नाहीत’. देतच नाहीत हे खोटे. त्रास देतात हे खरे, आणि याबाबतीत मला कंपन्यांची बाजू घ्यायची मुळीच हौस नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून डॉक्टरांच्या फीपासून शस्त्रक्रियेच्या खर्चापर्यंत त्या प्रमाणात कात्री लागू शकते, हे एजंट पॉलिसी विकताना सांगत नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर घरचे लोक मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळतात. वास्तविक विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी ३ तासांत मिळायला हवी. तरीही हप्ता महाग म्हणून पॉलिसी सोडणाऱ्यांनी एवढे पाहावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेला आहे. आणि क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर कर्नाटकातल्या पॉलिसीधारकांसाठी बेंगळुरूला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी लागत नाही आणि वकीलही करावा लागत नाही.