आहेर कोणी करायचा?

कादंबरी संपली त्या संध्याकाळी मी इथे न्यू जर्सीत गाडीवरचा बर्फ काढत होते, त्यामुळे आनंदबिनंद काही झाला नाही, पाठ मात्र धरली. सहा वर्षं शनिवार-रविवार बसून लिहिलेली, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्याची गोष्ट. वाटलं, चला, सुटलो. कसलं काय, खरी कटकट तर पुढेच होती.

पहिल्या प्रकाशकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दिलं, कादंबरी आवडली, ५०० प्रती काढू, त्यातल्या २०० तुम्ही विकत घ्यायच्या. बडोद्याला काकांना फोन केला तर ते भडकलेच. "अगं, पैसे देऊन पुस्तक काढायचं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करायचा! सयाजीरावांनी पुस्तकांसाठी खजिना उघडला त्या गावची मुलगी तू." मग फॅमिली ग्रुपवर दोन दिवस हेच. भाऊ म्हणे काका कुठल्या जमान्यात आहेत, सगळेच देतात, फक्त सांगत नाहीत.

मला दोघांचंही पटलं नाही. महाराजांनी खजिना उघडला म्हणजे वाचकाने नाही ना उघडलं पाकीट? तेव्हा राजा होता, मग लायब्रऱ्यांची खरेदी आली, आता मी आहे. आहेर कुणीतरी करतच आलंय. २०१८ ला बडोद्यात साहित्य संमेलन झालं, २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, छानच, पण माझ्या २०० सोडून उरलेल्या ३०० प्रती कोण घेणार याचं उत्तर त्यात नाही.

आणि तिकडच्यांना वाटतं इथे सगळं कसं प्रोफेशनल. माझ्या ऑफिसातली एक जण इंग्रजीत लिहिते, दोन वर्षं प्रकाशक मिळवून देणाऱ्या एजंटांना पत्रं पाठवतेय. एजंट आधी पैसे मागत नाही, लेखकाला मिळतील त्यातले १५ टक्के घेतो, हे चांगलंच, पण आधी त्याने दार तर उघडायला हवं. शेवटी कंटाळून स्वतःच छापायला निघाली तर एका आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, १२५ डॉलर. आपल्याकडे तो नंबर सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

मला राग आला तो पैशाचा नाही, कराराचा. दोन पानं. "सर्व हक्क, कायमचे, जगभर", त्यात ईबुक, ऑडिओ सगळं आलं. रॉयल्टी १० टक्के, पण किती प्रती विकल्या हे मला कळणार कसं, त्याबद्दल एक ओळ नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणजे कागद कोरा ठेवला असता तरी माझं जास्त भलं होतं! पैसे द्यावे की नाही यावर आपण संमेलनापासून ओट्यापर्यंत भांडतो, आणि सही मात्र न वाचता ठोकतो. मी विचारलं तर प्रकाशक म्हणाले, "मॅडम, आजवर कुणी विचारलं नव्हतं." वाईट माणूस नाही हो, खरंच कुणी विचारलं नसणार.

शेवटी पाच वर्षं, ऑडिओ माझ्याकडे, दर मार्चला विक्रीचा हिशोब, आणि प्रती १०० घ्यायच्या, यावर जमलं. पैसे मी देणारे आणि कुणी विचारलं तर सांगणारे. त्या १०० प्रती इथे आणायच्या म्हणजे कुरिअरमध्येच दिवाळं, तेव्हा काकांच्याच माळ्यावर जातील. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग प्रूफं आली. युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना "वाऱ्यावर"चं "वार्यावर" झालेलं, ते एकवेळ ठीक. पण मुद्रितशोधकाने आमचं "फावत नाही" खोडून सगळीकडे "जमत नाही" केलं, गुजराथी वाटलं असेल. अहो, मी इथे एडिसनमध्ये दिवसभर गुजराथीच ऐकते, वाड्यातली माणसं बोलायची तसंच लिहिलंय, पुण्याचं कशाला करू?

पीडीएफ काकांना पाठवली. त्यांनी प्रिंट काढून, लाल पेनाने प्रत्येक "जमत नाही" खोडून वर "फावत नाही" लिहून, पानापानाचे फोटो पाठवलेत, आतापर्यंत सदतीस आलेत. पैशांबद्दल अवाक्षर नाही.