‘एल-९ मध्ये वाईट काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेल्डिंगमधल्या एम.टेक.साठी विषय कसा निवडावा, या माझ्या लेखावर एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. लेखामुळे मुलं घाबरतात, साध्या कॉलेजात एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नसतो, गाईड देईल तोच विषय घ्यावा लागतो, असं त्यात म्हटलं आहे. आणि पुढे, एल-९ म्हणजे नऊ प्रयोगांच्या तागुची तक्त्याबद्दल: "एल-९ मध्ये वाईट काय? नऊ जोड, नऊ तुकडे, सहा महिन्यांत काम फत्ते. खुर्चीत बसून उपदेश करणं सोपं असतं."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. वेल्डिंग शॉप आणि टेस्टिंग लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली आहेत. मतभेद जरूर असावेत, पण समोरच्याने काय काम केलंय हे न विचारताच त्याला खुर्चीत बसवायचं, ही कुठली रीत? शिवाय ‘एल-९ वाईट’ असं मी लिहिलेलंच नाही. ६०६१ ॲल्युमिनियम, फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग (फिरत्या टूलच्या पिनने धातू न वितळवता ढवळून जोडणं), तीन पॅरामीटर आणि एल-९ हा तयार साचा घेऊ नका, असं लिहिलं होतं. लेख नीट वाचून लिहायला हवं होतं.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. टेन्साइल (ओढून तोडायच्या चाचणीच्या) तुकड्याची लांबी मी २०० मिमी दिली होती. प्लेट लहान असेल तर एएसटीएम ई८ या चाचणी मानकातला सबसाइज तुकडा चालतो: लांबी १०० मिमी, गेज (मोजायचा भाग) २५, रुंदी ६. तक्ता दुरुस्त केला आहे.

आता त्या नऊ जोडांकडे येऊ. नऊ प्रयोगांतून आठ डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलना) मिळतात. तीन पातळ्यांचा एक पॅरामीटर त्यातल्या दोन खातो. तीन पॅरामीटर घेतले की सहा संपल्या, प्रयोगातली चूक किती हे अंदाजायला दोनच उरल्या. मग ५ टक्के पातळीवर एफ (पॅरामीटरमुळे पडलेला फरक चुकीच्या किती पट, तो आकडा) १९ च्या वर गेला तरच परिणाम खरा म्हणता येतो. चौथा पॅरामीटर घातला तर चुकीसाठी उरतं शून्य, आणि तरीही प्रबंधात प्रत्येक पॅरामीटरच्या वाट्याच्या टक्केवारीचे रंगीत गोल छापले जातात. एकही जोड दुसऱ्यांदा केलेला नसतो. त्यामुळे फरक पॅरामीटरमुळे पडला की त्या दिवशी टूल ०.१ मिमी कमी दाबलं गेल्यामुळे, हे व्हायवात कोणालाच सांगता येत नाही. मिलिंग मशीनवर जोड करतात तेव्हा उभा दाब मोजलेला नसतो आणि टनेल डिफेक्ट (जोडाच्या आतली लांब पोकळी) नेमका तिथेच येतो.

धातूचं म्हणाल तर ६०६१-टी६ ची ताकद बारीक प्रेसिपिटेटमधून (धातूत विखुरलेल्या कणांतून) येते. हॅझमध्ये (जोडालगतच्या, न वितळता तापलेल्या पट्ट्यात) उष्णतेने ते जाडे होतात, विरघळतात, म्हणून जोड निर्दोष असेल तर तुकडा बहुधा त्या मऊ पट्ट्यातच तुटतो. पिनचा आकार बदलून तिथे फारसं काही हलत नाही. फ्रिक्शन स्टिरची पद्धत १९९१ साली इंग्लंडमध्ये टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेने शोधली. मऊ पट्ट्याचं हे कोडं आता नवं नाही.

तेच नऊ प्रयोग असे करून पाहा; प्रश्न एकच, हीट इनपुट (दर मिमीला दिलेली उष्णता) बदलला की हॅझचा कडकपणा किती बदलतो. आयएस २०६२ ई३५० या स्टीलची २० मिमी प्लेट घ्या, एकाच हीट नंबरची (भट्टीच्या एकाच घाण्यातली). तिचे २०० बाय १०० चे नऊ तुकडे करा. त्यावर ४ मिमीच्या ई ७०१८ रॉडने १५० मिमीचा एकेक बीड (वेल्डची ओळ) मारा. १६० अँपिअर, २४ व्होल्ट, वेग मिनिटाला २३०, १५४ आणि ११५ मिमी, म्हणजे हीट इनपुट सुमारे १, १.५ आणि २ किलोज्यूल प्रति मिमी (आर्क कार्यक्षमता ०.८ धरायची तर त्याने गुणा). प्रत्येक पातळी तीनदा, क्रम चिठ्ठ्या टाकून. आता चुकीसाठी सहा डिग्री उरतात आणि एफ ५.१४ च्या वर गेला की पुरे. हाताने वेग धरवत नाही, म्हणून स्टॉपवॉच लावा आणि बीडची लांबी मोजा. मशीनच्या डायलवर विसंबू नका, केबलला डीसी क्लॅम्पमीटर लावा. रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून घ्या.

काप बँडसॉने, वर पाण्याची धार धरून. गॅसने कापलंत तर नवा हॅझ तयार होईल. पट्टे दिसावेत म्हणून कापावर २ टक्के नायटल (अल्कोहोलात नायट्रिक ॲसिड) लावा. आणि कडकपणा एचव्ही १ वर (विकर्स चाचणी, १ किलोचा भार) मोजा. ३०० कडकपणाला एचव्ही १० चा ठसा पाव मिमीचा पडतो, आणि फ्यूजन लाइनलगतचा (वितळलेल्या भागाच्या कडेचा) जाड दाण्यांचा पट्टाच अर्धा-एक मिमी असतो. ठसा अर्धा पट्टा गिळतो आणि शेजारच्याची सरासरी तुम्ही लिहिता! एचव्ही १ चा ठसा ०.०८ मिमी असतो, त्यामुळे ०.२५ मिमी अंतराने रांग लावता येते.

यात एसईएम कुठेच लागत नाही. गाईडच्या मुद्द्याला इथे उत्तर देत नाही, कारण तो विषय निवडण्याचा प्रश्नच नाही. वरच्या आकड्यांत चूक दिसली तर कळवा, तपासून दुरुस्त करेन. खुर्चीबद्दल पुन्हा लिहिलंत तर उत्तर देणार नाही.