मागची फ्रेम, पुढची फ्रेम

लग्नसराईच्या तोंडावर खान्देशातल्या फोटोग्राफरांमध्ये एक संदेश फिरतो आहे : रेझ्युमे कुणी विचारत नाही, अनुभवाची वर्षे वाढवून लिहा, मदतनीस म्हणून गेलात तिथले फोटो आपलेच म्हणून लावा आणि ‘सगळे काम येते’ असे ठोकून द्या. जळगावात स्टुडिओ चालवताना माणसे मीच निवडतो, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. साखरपुड्याच्या कामाला रेझ्युमे कुणी मागत नाही. वर्तमानपत्र किंवा पुण्यातला प्रॉडक्ट स्टुडिओ मात्र मागतो.

वर्षांचे म्हणाल, तर बावीस वर्षांच्या मुलाने आठ वर्षांचा अनुभव लिहिला की तो चौदाव्या वर्षी मांडवात कॅमेरा घेऊन उभा होता का, हा प्रश्न कुणालाही सुचतो.

खरी मेख तिसऱ्या मुद्द्यात आहे. फेब्रुवारीत आलेल्या एका उमेदवाराने सारंगखेड्याच्या यात्रेतला, मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचा सुरेख फोटो लावला होता. मी रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेम मागितल्या, कारण असा क्षण बहुधा बर्स्टमध्ये, म्हणजे एका दाबात सलग अनेक फ्रेम घेत, टिपला जातो आणि शेजारच्या फ्रेम ज्याने तो टिपला त्याच्याकडेच राहतात. (फाइलमध्येच नोंदल्या जाणाऱ्या तारीख-कॅमेऱ्याच्या नुसत्या एक्झिफ माहितीवर मी विसंबत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते, आणि ती बदलताही येते.) त्याच्याकडे एकच जेपीईजी होती, फोटो त्याच्या उस्तादांचा निघाला. वाईट याचे वाटले की त्या दिवशी सगळ्या कार्डांचा बॅकअप आणि रात्री फोटोंची छाटणी यानेच केली होती, आणि मला हवी असलेली नेमकी हीच कामे त्याने रेझ्युमेत लिहिली नव्हती.

शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा आणि नोकरीचा भाग म्हणून काढलेल्याचा मालकाचा असतो. त्यामुळे लग्नाचा फोटो स्वतः टिपलेला असला, तरी पोर्टफोलिओत लावण्याआधी त्या घरी विचारलेले बरे.

‘सगळे येते’ वाचून मला काहीच कळत नाही. ‘लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये रंग जुळवतो, ड्रोन अजून चालवलेला नाही’ असे लिहिणाऱ्याला कोणते काम द्यायचे, ते लगेच ठरवता येते.

त्याच मुलाने नंतर पाठवलेल्या कागदावर ‘दोन लग्नसराया सहायक, बॅकअप, छाटणी, लाइट’ एवढीच ओळ होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला मी त्याला सोबत घेतो आहे.