आळ्यात नव्हे, आळ्याबाहेर: मिरजेच्या वाचकांना उत्तर

लिंबाच्या आळ्याभोवती तेरड्यासारखी रानफुलं लावा असं सुचवणाऱ्या माझ्या ‘लिंबाच्या सोबतीला रानफुलं’ या लेखावर मिरजेहून एक सविस्तर आणि जरा चिडलेली प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: लेख वाचून पाच वर्षांच्या कागदी लिंबाच्या आळ्यात जूनमध्ये तेरडा पेरला. पाऊस ओढला म्हणून रोज संध्याकाळी बोअरच्या पाण्याचा पाइप लावला. सप्टेंबरपासून शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आता बुंध्यातून डिंकही गळतोय. ‘रानफुलं म्हणजे तण. आळं स्वच्छ ठेवा म्हणून कृषी सहायकसुद्धा सांगतात. त्यात तुम्ही फुलपाखरं बोलावता, आणि त्यांच्याच अळ्या लिंबाची पानं खातात. कासचं कौतुक साताऱ्यात करा, आमच्या काळ्या रानात नको.’

नमस्कार. आधी चूक मान्य करतो, कारण ती लेखातच आहे. मी ‘लिंबाच्या आळ्याभोवती’ असं लिहिलं आणि भोवती म्हणजे नेमकं किती अंतरावर ते सांगितलं नाही. तुम्ही तेरडा आळ्यात पेरला यात तुमचा दोष नाही. पण झाड बिघडलं ते तेरड्यानं नाही, तेरड्यासाठी दिलेल्या पाण्यानं. हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. तेरडा उपटून रोजचं पाणी चालूच ठेवलंत, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाड हातचं जाईल.

लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात. बुंध्याशी कमी आणि फांद्यांच्या सावलीच्या कडेला जास्त. मिरजेची काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात रोज पाइप सोडला की वाफसा येतच नाही, म्हणजे पाणी मुरून माती मोकळी होतच नाही, मातीतली हवा संपते आणि ही मुळं गुदमरतात. त्यात बोअरचं पाणी जड, जमीन चुनखडीची. अशा जमिनीत ओल सतत राहिली की बायकार्बोनेट वाढतं आणि मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यात हिरव्या शिरांची जाळी, हे लोह न मिळाल्याचं ठरलेलं लक्षण. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं सरसकट पिवळी पडली असती. जस्त कमी असतं तर पानं बारीक, अरुंद, ताठ उभी राहिली असती. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरव्या रंगाचा उलटा ‘व्ही’ उरतो. आणि मधल्या शिरेच्या दोन बाजूंचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नसतील, तर ग्रीनिंग या रोगाचा संशय घ्यायचा. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

डिंकाचा प्रकार वेगळा, कारण मात्र तेच. बुंध्याला सतत ओल लागली की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू सालीत शिरतो. आपल्याकडे याला डिंक्या म्हणतात. खात्री करायची तर सावलीच्या कडेला खुरप्यानं फूटभर खोल उकरा आणि चार-दोन बारीक मुळं चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत नुसता दोरा उरला, तर मुळं सडली आहेत. मुळं पांढुरकी, चिवट निघाली तर अजून वेळ गेलेली नाही.

आता करायचं काय. पाणी आजच बंद. खोडाभोवती दीड फुटाचं वर्तुळ आखून तिथली माती ओढून घ्या, खोडापासून बाहेर उतार द्या आणि त्याच्या बाहेर दुसरं आळं करा. हेच ते दुहेरी आळं. पाणी दोन बांधांच्या मधेच राहतं, खोड कोरडं राहतं. सखल बाजूला दीड फूट खोल चर काढून पाण्याला वाट द्या. कलमी झाड असेल तर डोळा भरलेली, म्हणजे कलम जोडलेली जागा जमिनीच्या अर्धा फूट वर उघडी हवी. अंगणातल्या झाडांना माती चढवून चढवून ती जागा गाडली जाते आणि डिंक्याला आयतं दार उघडतं.

डिंकाची साल धारदार चाकूनं खरवडून काढा, निरोगी साल बोटभर दिसेपर्यंत. खरवड खाली पडू देऊ नका, कागदावर गोळा करून जाळा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घालून जखम पुसा आणि वाळू द्या. मग बोर्डो पेस्ट. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये विरघळवा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. चुना ताजा हवा. हवेवर पडून पीठ झालेला चुना कामाचा नाही, आणि बहुतेक वेळा पेस्ट बिघडते ती इथेच. दोन्ही एकत्र ओतून त्यात लोखंडी चाकू मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ब्रशनं लावायची. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. मुळंही सडलेली असतील तर मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेबचं संयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात आळ्यात ओतावं लागेल.

पिवळेपणासाठी फेरस सल्फेट मातीत टाकू नका. चुनखडीच्या जमिनीत ते काही दिवसांत निकामी होतं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, आणि संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारणी. थेंब पडले तिथेच हिरवे ठिपके उमटले तर निदान बरोबर. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीतूनच द्यायचं असेल तर पाकिटावर ‘ईडीडीएचए’ ही अक्षरं बघून चिलेटेड लोह घ्या. ‘ईडीटीए’ स्वस्त मिळतं, पण तुमच्या मातीत टिकत नाही. शिवाय एक फूट आणि दोन फूट खोलीची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासून घ्या. सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मागायचे. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर आला तर या जागी लिंबू कायम कुरकुरतच राहणार, हे धरून चाला. कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झाल्या. अंगणातली मातीही त्याच रानातली.

पुढचं पाणी असं: पाच वर्षांच्या झाडाला काळ्या मातीत उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी सहा-सात बादल्या, हिवाळ्यात तेवढंच नऊ-दहा दिवसांनी. तारखेपेक्षा वाफसा बघा. चार बोटं खालची माती मुठीत दाबून टिचकी मारली की फुटायला हवी. नुसता चिकट गोळा झाला तर आणखी थांबा.

आता ‘रानफुलं म्हणजे तण’. आळं स्वच्छ ठेवा, हे कृषी सहायकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. हरळी, लव्हाळा आणि केना लिंबाच्या वरच्या मुळांशीच भांडतात. म्हणून दुरुस्ती अशी: फांद्यांच्या सावलीखाली काहीही पेरायचं नाही, फक्त पालापाचोळ्याचं आच्छादन, तेही खोडापासून हातभर लांब. रानफुलं सावलीच्या कडेपासून दोन फूट बाहेर, आळ्याच्या बांधापलीकडे. तिथे ऊनही मिळतं. लिंबाखाली तेरडा नुसता उंच वाढतो, फुलत नाही.

तरी रानफुलंच का, झेंडू-शेवंती का नको, याचं उत्तर लिंबाच्या वेळापत्रकात आहे. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून काळ्या जमिनीत पाच-सहा आठवडे ताण द्यावा लागतो. पानं मलूल होऊन पाव भाग गळेपर्यंत. मग शेणखत घालून पहिलं पाणी हलकं, पुढची वाढवत. त्याच दिवसांत शेजारी शेवंती असेल तर तिला वरचेवर पाणी लागतं, ते पाझरून लिंबापर्यंत जातं आणि ताण बसतच नाही. झाड हिरवंगार, फूल मात्र नाही. तेरडा जूनच्या पावसावर उगवतो, गौरी येतात तेव्हा भरात असतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जातो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण लिंबाच्या शेजाऱ्याला हाच गुण हवा. वाळलेली ताटं तिथेच कापून पसरा. बी मात्र तुम्ही फार लवकर पेरलंत असं दिसतं. एक चांगला पाऊस होऊन दुसरा येतोय असं वाटलं की विस्कटून टाकायचं, वर बोटभर सुद्धा माती नको. पाऊस ओढला आणि रोपं माना टाकू लागली तर टाकू द्यावीत. पाणी घालून जगवायची ती फुलं नव्हेतच.

आणखी एक. तेरडा मित्रकीटकांसाठी, म्हणजे किडींना मारणाऱ्या कीटकांसाठी लावा, असं लेखात होतं. तेही अर्धवट. त्याचा मध लांब शेपटीसारख्या नळीत असतो, बारीक गांधीलमाश्यांचं तोंड तिथे पोचत नाही. त्याच्या पानांच्या देठावर मात्र मधाच्या बारीक गाठी असतात, त्यावर मुंग्या येतात. मुंग्या आल्या की मावा आणि पिठ्या ढेकूण त्यांच्या राखणीत वाढतात. म्हणून मुंग्यांची रांग बांध ओलांडून लिंबाच्या खोडावर चढताना दिसली तर तेरडा आणखी मागे सरकवा. मित्रकीटकांना उघडी, बारीक फुलं हवीत. सोनकी चालते, आणि खरं सांगायचं तर फुलावर सोडलेली कोथिंबीर आणि शेपू त्याहून सरस.

काळ्या रानाचा मुद्दा तुमचाच खरा. कासच्या सड्यावर जांभ्यावर जेमतेम काही इंच माती आहे, आम्ल आणि निकस. इतकी निकस, की दवबिंदू आणि सीतेची आसवं या रोपांना नत्रासाठी किडे पकडावे लागतात. शेणखताच्या वाफ्यात ती मरतात. तिथून रोप किंवा माती आणणं तर बेकायदाच. कास हे २०१२ पासून जागतिक वारशातलं ठिकाण आहे. पण रानफुलं म्हणजे फक्त कास नव्हे. महाबळेश्वरला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-जतला ५००च्या आसपास, आणि त्या कोरड्या पट्ट्याची फुलं तुमच्याकडे छान येतील. तरवड घ्या. बी टणक असतं, वाळूत घासून रात्रभर पाण्यात ठेवा आणि जागेवरच पेरा, कारण सोटमूळ हलवलेलं त्याला सोसत नाही. चार-पाच फुटांचं झुडूप होतं, लिंबापासून सहा फूट लांब कुंपणाला. कडेच्या मुरमाड पट्टीत विष्णुक्रांता, कुंपणावर गोकर्ण, कोपऱ्यात पिवळी कोरांटी. कुरडू देखणा आहे, पण बी धरायच्या आत तुरे कापा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा ‘तण’ हा शब्द मलाही वापरावा लागेल. कळलावीचा कंद विषारी असतो, घरात लहान मुलं असतील तर नकोच. आणि तो पिवळा कॉसमॉस रानफूल नव्हे, मेक्सिकोचा आहे.

फुलपाखरांबद्दल: लिंबावर अंडी घालणारं फुलपाखरू लिंबाच्या पानांच्या वासानं येतं, फुलं असोत वा नसोत. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, मग हिरवी होते, डिवचली की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. तीन फुटांच्या आतलं रोप ती आठवड्यात उघडं करते, तिथे रोज सकाळी हातानं वेचा. पाच वर्षांच्या झाडाला वीस-पंचवीस अळ्यांनी काही होत नाही. बावची मात्र शेजारी येऊ देऊ नका. काळ्या रानातलं हे रानझाड याच अळीचं खाद्य आहे.

शेवटी, तुमच्या नजरेतून सुटलेली माझी एक चूक. त्या लेखात सुवासासाठी पांढऱ्या कुंतीचं कुंपण सुचवलं होतं. ते काढून टाकतोय. कुंती लिंबाच्याच कुळातली. ग्रीनिंग रोग पसरवणारा सिट्रस सायला तिच्या कोवळ्या फुटीवर वाढतो, आणि कढीपत्त्यावरही. कुंपण छाटलं की नवी फूट येते आणि सायलाची पैदास वाढते. कुंती आधीच लावली असेल तर काढा. कढीपत्ता कुणी काढणार नाही, तेव्हा त्याची फूट दर आठवड्याला बघा. कोवळ्या पानांच्या बेचक्यात पिवळसर चपटी पिल्लं आणि त्यांच्या मागे पांढरे कुरळे धागे दिसले, किंवा शेपूट वर करून तिरका बसलेला बारीक तपकिरी किडा दिसला, तर तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. लिंबाला जानेवारी-फेब्रुवारीत आणि पुन्हा जून-जुलैत नवी फूट येते. तेव्हा हे काम चुकवू नका.