पंचाहत्तर टक्क्यांना नापास

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला राहायला आल्यापासून मी केस वाढवतो. हौस म्हणून नव्हे, भीतीपोटी. दीड-दोन महिने ढकलतो, मग एके सकाळी बायको म्हणते, "आता एक तर कटिंग कर, नाही तर वेणी घाल." मग नाइलाजाने गाडी काढतो.

दुकान साधं आहे. तीन खुर्च्या, एक न्हावी. उरलेल्या दोन खुर्च्यांवर गिऱ्हाइकं नसतात, दोन म्हातारे असतात. त्यांना कापण्यासारखे केस नाहीत, ते ऐकायला येतात. न्हावी स्वतः सत्तरीकडे झुकलेला, हात हलका, दर वाजवी. खोट एकच. गळ्याभोवती कापड आवळून झालं, म्हणजे पळून जायचे मार्ग बंद झाले, की तो आरशातून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "मग? कोचबद्दल काय म्हणणं आहे?"

कोच म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच. फुटबॉल म्हणजे यांचा, हेल्मेटवाला. या राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघ नाही. मका आहे आणि हा कॉलेजचा संघ आहे. संघाचं नावही कॉर्नहस्कर्स, म्हणजे कणसं सोलणारे. एकोणिसाव्या शतकात ते बगईटर्स होते, किडेखाऊ. त्यामानाने प्रगती आहे. मॅचच्या शनिवारी स्टेडियममध्ये इतकी माणसं असतात की ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे ते स्टेडियम. ३ नोव्हेंबर १९६२ पासून घरच्या प्रत्येक मॅचची सगळी तिकिटं संपलेली आहेत. ही तारीख मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, कारण लग्नाची तारीख मला दर कटिंगला कोणी सांगत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खरं बोललो. म्हटलं, मी फुटबॉल बघत नाही. कात्री थांबली. म्हातारे थांबले. पंढरपुरात उतरून एखाद्याने "इथे बघण्यासारखं काय आहे?" विचारावं तशी शांतता पसरली. मग न्हाव्याने मोठ्या मनाने मला क्षमा केली आणि १८९० पासून सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी अभ्यास करून गेलो आणि पेलिनी नावाच्या एका जुन्या कोचची स्तुती केली. एक म्हातारा खूश झाला, दुसरा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या वेळी म्हटलं, रायली सज्जन माणूस होता हो. त्यावर तिघेही एका सुरात म्हणाले, "फार सज्जन," आणि ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून मी तो विषय कायमचा बंद केला. हळूहळू लक्षात आलं की ही माणसं काळच कोचांनी मोजतात. न्हाव्याचं लग्न ऑस्बर्नच्या सहाव्या वर्षी झालं. त्याच सीझनमध्ये ऑस्बर्नने ओक्लाहोमाच्या संघाला पहिल्यांदा हरवलं, आधीची पाच वर्षं ओळीने हरल्यावर. लग्नाच्या फोटोत न्हावी इतका आनंदी दिसतो की त्याच्या बायकोचा बरीच वर्षं गैरसमज होता. मुलगी झाली ती सोलिचला काढलं त्या वर्षी. "चांगलं आणि वाईट एकाच वर्षात," असं तो म्हणतो. मुलगी तिथेच गल्ल्यावर बसलेली असते.

हे सगळं माझ्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात आमचे अण्णा आले.

अण्णा म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले वडील. आठवडाभर त्यांनी आमचं वीजबिल, दुधाचे भाव आणि पेट्रोलचं गॅलनमागचं गणित तपासलं. तपासण्यासारखं काही उरेना तेव्हा म्हणाले, "चल, मीही येतो कटिंगला." मी म्हटलं, अण्णा, तिथे फार बोलतात. ते म्हणाले, "मग बरंच आहे. तुझ्या घरात कोणी बोलत नाही."

अण्णा बाकावर बसले, मी खुर्चीत. कापड आवळलं गेलं. प्रश्न आला. माझी मान अडकलेली, म्हणून मी म्हटलं, "आमच्या वडिलांना सांगा, ते नवीन आहेत." वडिलांना असं बळी देणं बरं नव्हे, पण मान कोणाची, याचाही विचार करावा लागतो.

न्हाव्याने मशीन बंद केलं. "सर," तो अण्णांना म्हणाला, "पहिला कोच फ्रॉदिंगहॅम. १८९० चा. दोन मॅच, दोन्ही जिंकल्या."

अण्णांनी खिशातून पेन काढलं. बाजूला पडलेल्या जाहिरातीच्या कागदाची कोरी बाजू वर केली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि वर शीर्षक लिहिलं: निकालपत्रक. अनुक्रमांक, नाव, मॅच, विजय, टक्के, शेरा. पहिल्या ओळीत फ्रॉदिंगहॅमला शंभर टक्के मिळाले. शेरा: "फक्त दोनच पेपर दिले."

मधली सत्तर वर्षं न्हाव्याने झपाझप उरकली. माझं डोकं तोवर अर्धंच झालं होतं, डावी बाजू. जेनिंग्जपाशी तो जरा रेंगाळला. १९५७ ते ६१, पन्नास मॅचमध्ये पंधरा विजय. अण्णा म्हणाले, "तीस टक्के. नापास." लगेच एक म्हातारा उसळून म्हणाला, पण १९५९ ला त्याने ओक्लाहोमाला हरवलं होतं, चौऱ्याहत्तर लीग मॅच न हरलेल्या ओक्लाहोमाला! मी भाषांतर केलं. अण्णांनी विचार करून शेऱ्यात लिहिलं, "एका विषयात चमक."

मग देवेनी. १९६२ ला वायोमिंगहून आला, अकरा वर्षं राहिला, १०१ जिंकल्या, २० हरल्या, २ बरोबरीत. १९७० आणि ७१, लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. त्याच्या मागे त्याचाच मदतनीस टॉम ऑस्बर्न, तो तर पंचवीस वर्षं. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, तीन विजेतेपदं, आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्यात शैक्षणिक मानसशास्त्रातली डॉक्टरेट. हे ऐकून अण्णा ताठ बसले. "त्र्याऐंशी टक्के," ते म्हणाले, "आणि शिकलेला!" पुढे तो अमेरिकेच्या संसदेवर तीनदा निवडून गेला, पण २००६ ला गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा पक्षांतर्गत निवडणुकीतच पडला. "कोच म्हणून देव," न्हावी खांदे उडवत म्हणाला, "पण गव्हर्नरला रस्ते बघावे लागतात."

तेवढ्यात दुसऱ्या म्हाताऱ्याने १९८४ ची ऑरेंज बोल काढली. बोल म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच. ही कथा मी सात वेळा ऐकली आहे. २ जानेवारीची रात्र, समोर मायामी, पूर्ण सीझन अपराजित राहिलेली नेब्रास्का. अठ्ठेचाळीस सेकंद शिल्लक असताना नेब्रास्काचं टचडाउन झालं आणि स्कोअर ३१-३० वर आला, मायामी एका गुणाने पुढे. आता साधी किक मारली की एक गुण, बरोबरी, आणि विजेतेपद जवळपास खिशात. किंवा दोन गुणांसाठी पुन्हा खेळायचं. ऑस्बर्न दोनासाठी गेला. पास हुकला. इथे पोचलं की दरवेळी तिघेही छताकडे बघतात आणि माझ्या कानाजवळची कात्री हवेत तशीच राहते.

अण्णांनी मात्र मांडीवर थाप मारली. "म्हणजे एका मार्काचा सोपा प्रश्न सोडून दोन मार्कांचा अवघड घेतला! असा विद्यार्थी मला एकतीस वर्षांत मिळाला नाही रे!" मी भाषांतर केलं. न्हाव्याने ते एकदा ऐकलं, मग पुन्हा सांगायला लावलं. एकेचाळीस वर्षं या दुकानात त्या निर्णयावर वाद चालला होता, आणि सांगलीच्या एका मास्तरांनी तो एका वाक्यात निकालात काढला. म्हाताऱ्याने उठून अण्णांना स्वतःची गादीची खुर्ची दिली. माझी उजवी बाजू अजून तशीच होती.

आणि मग सोलिच आला.

या नावाला न्हावी नेहमी आवाज खाली आणतो. फ्रँक सोलिच, ऑस्बर्नचाच माणूस, इथेच खेळलेला. १९९८ ते २००३. अठ्ठावन्न विजय, एकोणीस पराभव. शेवटच्या वर्षी बारापैकी नऊ जिंकल्या आणि त्याला काढून टाकलं. काढणारे म्हणाले, संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही.

अण्णांनी पेन थांबवलं. "बारात नऊ?"

"हो."

"अरे, म्हणजे पंचाहत्तर टक्के. पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन! विचार त्याला, डिस्टिंक्शनवाल्याला नापास कोणत्या बोर्डाने केलं?"

डिस्टिंक्शन काय असतं हे मी समजावून सांगितलं. दुकानात कोणी बोलेना. न्हावी बाकावर बसला, कात्री मांडीवर ठेवून. गल्ल्यावरच्या मुलीने, जी त्याच वर्षी जन्मली होती, मान वर करून बघितलं. बावीस वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांना तो अन्याय समजावत आला होता, आणि त्याला जो शब्द सापडत नव्हता तो दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेला होता.

तिथून पुढे तो घडाघडा बोलत सुटला. कॅलहन, ओकलंड रेडर्सहून आणलेला, चार वर्षांत सत्तावीस विजय, बावीस पराभव. पहिल्याच वर्षी ओळीने पस्तीस वर्षं चाललेली बोल मॅचची परंपरा तुटली. २००७ ला तर कॅन्ससने शहात्तर गुण मारले. अण्णांनी पंचावन्न टक्के लिहून सेकंड क्लास दिला. मग पेलिनी: दरवर्षी नऊ किंवा दहा विजय, आणि शेवटचं वर्ष सोडलं तर दरवर्षी चार पराभव, घड्याळ लावल्यासारखं. त्याच्या नावाने कोणी तरी खोटं खातं काढून त्याच्या मांजरावर विनोद करायचं, तर २०१४ च्या वसंतातल्या सराव सामन्यात हा पठ्ठ्या खरोखर मांजर डोक्यावर धरून मैदानात आला. आणि नोव्हेंबरमध्ये त्यालाही काढलं. किती जिंकल्या होत्या? बारात नऊ.

"परत डिस्टिंक्शन!" अण्णा ओरडले. शेरा: "हुशार, चिडका. वर्गात मांजर आणतो."

रायलीला एकोणीस विजय, एकोणीस पराभव, बरोबर पन्नास टक्के. अण्णांनी शेऱ्यात "सज्जन" लिहिलं आणि आधी कोणी न सांगताच तिघांसारखी मान हलवली.

स्कॉट फ्रॉस्टची पाळी आली तेव्हा न्हाव्याने पाणी प्यायलं. नेब्रास्काचाच पोरगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा, चेंडू फेकणारा गडी. आदल्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाला तेरापैकी तेरा जिंकून दिलेल्या. घरचं लेकरू घरी आलं म्हणून २०१८ ला अख्खं राज्य रडलं होतं. पहिल्या मॅचची पहिली किक मारली, विजा कडाडल्या, मॅचच रद्द. "मी तेव्हाच म्हटलं होतं," एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, "तू तेव्हा नाचत होतास." २०२१ ला नऊ मॅच हरले, नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. २०२२ ला डब्लिनला जाऊन, अकरा गुणांनी पुढे असताना, चेंडू समोरच्याला लांब द्यायचा सोडून जवळच मारून स्वतःच पकडायला गेले. तो समोरच्यांनी पकडला, आणि मॅचही तीन गुणांनी घेतली. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न घरात येऊन जिंकून गेलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला नारळ. एकूण सोळा विजय, एकतीस पराभव.

अण्णांनी भागाकार केला. मग पुन्हा केला. मग चष्मा काढून पुसला.

"चौतीस टक्के," ते हळू आवाजात म्हणाले. "एका मार्काने गेला रे पोरगा."

एका मार्काने गेलेल्या पोरांबद्दल अण्णांचा जीव तुटतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मार्च महिन्यात आमच्या ओसरीवर अशांच्या आया बसलेल्या असत. अण्णांनी मला सांगितलं, "याला विचार, ग्रेस मार्क नाही का देत इकडे? एकच तर हवा होता. दर मॅच थोडक्यात हरला म्हणजे पेपर सोडवत होता पोरगा, फक्त उत्तर शेवटी चुकत होतं."

फ्रॉस्टनंतर उरलेल्या सीझनला जो हंगामी आला त्याला अण्णांनी तपासलंच नाही, बदली शिक्षकाचा निकाल लावत नाहीत म्हणाले. सध्याच्या मॅट रूलला पहिल्या वर्षी बारात पाच, दुसऱ्या वर्षी तेरात सात, त्यात २०१६ नंतरची पहिली बोल मॅच, आणि तीही जिंकलेली. शेरा: "प्रगती आहे. पालकांनी धीर धरावा." न्हाव्याने तो शेरा मला तीनदा इंग्रजीत म्हणायला लावला.

मग कागद मागून घेतला आणि आरशाच्या कडेला, देवेनी आणि ऑस्बर्नच्या फोटोंच्या मधोमध खोचला. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आकडेसुद्धा मराठी. अण्णांनी खाली सही केली होती, तारखेसह.

आमचे पैसे त्याने घेतले नाहीत. कटिंग अर्धंच झालंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ते गाडीत बसल्यावर आरशात दिसलं. परत जावं तर पुन्हा कापड, पुन्हा प्रश्न. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात न्हावी दारातून धावत आला आणि काचेवर टकटक केली. मला वाटलं, उरलेल्या बाजूसाठी आला.

"सरांना सांग," तो धापा टाकत म्हणाला, "फ्रॉस्टला ग्रेस दिली होती. काढताना दीड कोटी डॉलर दिले. तीन आठवडे थांबले असते तर निम्म्यात झालं असतं."

अण्णांनी खिशातलं पेन पुन्हा बाहेर काढलं.