उचल फिटली नाही म्हणून माणूस अडकवून ठेवता येत नाही भाऊ

कोर्टातली वकिलांची बाररूम असो की लग्नाची पंगत, मी कोयत्याच्या म्हणजे ऊसतोड मजुरांच्या केसेस घेतो हे कळलं की समोरचा एकच बोलतो, "आप्पा, त्या उचल लिसन पयी जातस, मंग मुकादमनी काय करो?" (आगाऊ पैसे घेऊन पळून जातात, मग मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाने काय करायचं?) बोलणारा वाईट नसतो, बऱ्याचदा त्याचाच भाचा नाहीतर साला मुकादम असतो आणि त्याचे खरोखर पैसे बुडालेले असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या वेळेस लिंकच पाठवत जाईन.

पैसे बुडाले तर दिवाणी दावा लावा ना. तालुक्याला कोर्ट आहे, वकीलही रिकामे बसलेत (मी धरून). पण होतं काय, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, पावसाळ्यात घरात दाणा नाही तेव्हा घेतलेली उचल, दिवाळी झाली की नंदुरबारच्या धडगाव-मोलगीकडून ट्रकात बसून बारडोली-सुरतकडे, आणि सीझन संपला तरी मुकादम म्हणतो हिशोब बाकी आहे, वही त्याच्याचकडे, मग बाप पैसे आणायला गावी येतो आणि पोरीला तिकडेच ठेवून घेतात. आता हा देण्याघेण्याचा व्यवहार राहिला का? वेठबिगारीचा कायदा 1976 चा आहे, त्यात असं कर्ज कायद्यानेच संपतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर, मजुरावर नाही. किमान वेतनापेक्षा कमीवर राबवून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरीच, हे सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच दिल्लीतल्या एशियाडच्या मजुरांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय.

पोलीस ठाण्यात हे सांगितलं की उत्तर येतं, "वकीलसाहेब, हा मजुरीचा वाद, लेबर ऑफिसला जा." लेबर ऑफिस म्हणतं घटना गुजरातची. गुजरातेत गेलं तर आमच्या मजूर बाईला पावरी बोली सोडून काही येत नाही आणि समोरचा गुजरातीत लिहून घेतोय.

त्यात वेठबिगारी कायद्यातला गुन्हा जामीनपात्र, शिक्षा फार तर 3 वर्षं आणि दंड 2000 रुपये. म्हणून मी भारतीय न्याय संहितेचं कलम 143 लावा म्हणून अडून बसतो. मानवी तस्करी, कमीत कमी 7 वर्षं, आणि फसवून-धमकावून नेलं असेल तर "ती मर्जीने गेली होती" हा बचाव तिथे चालत नाही. मजूर आदिवासी आणि मुकादम आदिवासी नसेल तर ॲट्रॉसिटीही लागते. पण बरेचदा मुकादम त्याच पाड्यावरचा असतो, स्वतः कारखान्याच्या पैशाखाली दबलेला. पिंजऱ्यात उभा राहतो तो, आणि ज्याच्यासाठी ऊस तुटला त्या कारखान्याचं नाव चार्जशीटमध्ये शोधूनही सापडत नाही. माझा खरा राग तिथे आहे, मुकादमावर कमी.

आणि तस्करी पोलिसांना दिसतच नाही असं नाही. 2023 मध्ये दानापूर-पुणे गाडीतून भुसावळ आणि मनमाडला बिहारची 59 मुलं उतरवली, मदरशात शिकायला चाललेली. तस्करीचा गुन्हा, सोबतचे शिक्षक आत. 2024 मध्ये केस बंद, म्हणे गैरसमजातून गुन्हा दाखल झाला. तिथे एका दिवसात कलम सापडलं, आणि बायकापोरांनी भरलेले ट्रक दरवर्षी नाक्यावरून जातात ते कुणाला दिसत नाहीत.

सुटका झाली की फोटो निघतात, पेपरात येतं. पण कामाचा कागद म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, कलेक्टर किंवा प्रांताच्या सहीचं. ते हातात आलं तर 30,000 पर्यंत तातडीची मदत, आणि पुढची 1 ते 3 लाखांची मदत आरोपीला शिक्षा झाली की. आता शिक्षा होणार कशी? घरात काहीच नाही म्हणून तोच साक्षीदार दसऱ्याला परत उचल घेतो, तारीख लागते जानेवारीत, समन्स परत येतं, "इसम मिळून आला नाही". मिळेल कसा साहेब, तो ऊसाच्या फडात आहे. होळीला सगळा सातपुडा घरी असतो, होळीच्या भोंगऱ्या बाजारात बेलिफाला हवा तो साक्षीदार सापडेल, म्हणून तारखा होळी ते पावसाळा या दरम्यान लावा असा अर्ज मी देत असतो. कधी मंजूर होतो, कधी त्या अर्जावरच पुढची तारीख पडते.

बरं, तुमच्या ओळखीचं कुणी अडकलं असेल तर मुकादमाशी फोनवर भांडत बसू नका, तो त्यांना रातोरात दुसऱ्या फडावर हलवतो. गुपचूप व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा, गाडीचा नंबर, वजनाच्या पावतीचा फोटो मिळाला तर बघा. तक्रार आपल्याच ठाण्यात झिरो एफआयआरने देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. वकिलाची फी लागत नाही, वेठबिगारी आणि तस्करीच्या पीडिताला विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, 15100 ला फोन करायचा. लहान पोरं असतील तर 1098.